‘सजेस्ट मी’ चुकतं, मग ‘अ‍ॅडव्हाइज मी’ कसं चालतं?

शुद्धिपत्र

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांची मॅन्युअलं, मेल, अहवाल तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. स्पेलिंग आणि काळ यांच्या ढोबळ चुका आता मशीनच पकडतं. त्यातून जे उरतं त्यात एक प्रकार सारखा दिसतो, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांच्या लिखाणातही दिसतो. क्रियापदाला पुढचं वाक्य जोडायची वेळ आली की गाडी घसरते. गेल्या काही महिन्यांतले नमुने:

‘प्लीज सजेस्ट मी टु अपग्रेड.’
‘ही एक्सप्लेन्ड मी दॅट द सर्व्हर इज डाउन.’
‘आय वॉन्ट दॅट यू शुड टेस्ट इट.’
‘शी टोल्ड दॅट शी इज ऑन लीव्ह.’
‘क्लायंट आस्क्ड दॅट व्हेन विल यू डिलिव्हर.’
‘आय डोन्ट नो व्हेअर इज द फाइल.’

अर्थ सगळ्यांचा कळतो. पण वाचताना दाताखाली खडा येतोच.

माझं मत असं की या सहाही वाक्यांच्या पोटात आपला ‘की’ बसलेला आहे. मराठीत तो म्हणाला की, मला वाटतं की, त्याने विचारलं की, मला माहीत नाही की… एकदा ‘की’ म्हटलं की पुढे वाक्य जसंच्या तसं ठेवून द्यायचं. प्रश्न असेल तर प्रश्न, आज्ञा असेल तर आज्ञा, समोरच्याचं ‘मी’सुद्धा तसंच. ‘त्याने विचारलं की तू कधी येणार?’ यात कुणाला काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘आस्क’च्या मागे ‘व्हेन’ आला की ‘दॅट’ला जागाच उरत नाही. शिवाय आतला प्रश्न प्रश्नासारखा राहत नाही, साध्या विधानाचा क्रम घेतो: ‘आस्क्ड व्हेन वी वुड डिलिव्हर’, ‘आय डोन्ट नो व्हेअर द फाइल इज’.

पण खरी मेख पुढे आहे. ‘दॅट’ घ्यायचं, ‘टु’ घ्यायचं की ‘आयएनजी’, हे इंग्रजीत क्रियापदागणिक ठरतं आणि अर्थावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. ‘अ‍ॅडव्हाइज’ आणि ‘सजेस्ट’ यांच्या अर्थात किती फरक आहे? तरी ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टु वेट’ चालतं, ‘ही सजेस्टेड मी टु वेट’ चालत नाही. सजेस्टला ‘सजेस्टेड दॅट आय वेट’ किंवा ‘सजेस्टेड वेटिंग’ लागतं. तेच इच्छेचं. ‘आय होप यू कम’ हवं, ‘आय होप यू टु कम’ नको. ‘आय वॉन्ट यू टु कम’ हवं, ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ नको. आणि ‘विश’ला तर भूतकाळ लागतो, ‘आय विश यू हॅड कम’. तीन इच्छा, तिघींचं पथ्य वेगळं.

शाळेत आम्हाला काय शिकवलं? नाउन क्लॉज ओळखा आणि अधोरेखित करा. रेघ मारता आली की मार्क. त्या वाक्यातलं क्रियापद आपल्यामागे काय मागतं, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. इथे शिकवणारे, शिकणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढला. नव्या मुलांना हे कसं शिकवता?

हिंजवडी फेज तीन

अगदी जिव्हाळ्याचा विषय! आमच्या टीममधल्या एकाने मीटिंगनंतर मेल टाकला: ‘क्लायंट सेड दॅट आय विल सेंड द टेस्ट डेटा.’ त्याला म्हणायचं होतं की क्लायंट पाठवणार. मेल क्लायंटलाही गेला होता, त्यांनी वाचलं की हा पाठवणार. दोन्हीकडे निवांत वाट बघणं चालू. डेटा आलाच नाही तेव्हा फोनाफोनी, मग ‘बट यू रोट दॅट यू विल सेंड’. त्या बिचाऱ्याला अजूनही वाटतं की वाक्य बरोबर होतं.

शुद्धिपत्र

त्याचं मराठी बरोबर होतं :) ‘क्लायंट म्हणाला मी डेटा पाठवतो’ यातला ‘मी’ म्हणजे क्लायंट, हे आपल्याला सांगावं लागत नाही. इंग्रजीत ‘सेड दॅट’ म्हटल्यावर बोलणाऱ्याचा कोन बदलतो. ‘मी’ म्हणजे मेल लिहिणाराच. तिथे ‘ही वुड सेंड’ किंवा ‘दे वुड सेंड’ हवं होतं.

‘विल’चं ‘वुड’ करण्याबद्दल लोक फार धास्तावतात, पण ते सक्तीचं नाही. गोष्ट अजून खरी असेल तर ‘शी सेड शी लिव्ह्ज इन कोथरूड’ छान चालतं. सर्वनामाला मात्र माफी नाही.

प्रभात रोडचे आजोबा

शुद्धिपत्र, तुमचा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं उत्तर आमच्या पिढीच्या शब्दकोशात होतं. अप्पा बळवंत चौकातून घेतलेली ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशाची १९७४ ची तिसरी आवृत्ती माझ्याकडे अजून आहे. पुठ्ठा सुटलाय, पण मजकूर शाबूत. त्यात क्रियापदापुढे व्हीपी आणि आकडा असा संकेत असे. व्हीपी म्हणजे व्हर्ब पॅटर्न. एकूण पंचवीस साचे, त्यांचे पोटभेद ए, बी, सी. ‘वॉन्ट’ला कुठला साचा चालतो, ‘सजेस्ट’ला कुठला, सगळं तिथल्या तिथे. आम्ही पोरं त्या आकड्यांना घाबरून थेट अर्थाकडे उडी मारायचो, ते सोडा.

ही कल्पना ए. एस. हॉर्नबी यांची. हा गृहस्थ १९२४ साली इंग्रजी शिकवायला जपानला गेला. विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ माहीत असतो पण वाक्यात बसवता येत नाही, ही तुमचीच तक्रार. मूळ कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला, ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये आपल्या नावाने काढला. पुढच्या आवृत्त्यांमधून आकडे गेले आणि ‘दॅट’, ‘टु डू’, ‘डुइंग’ असे उघड संकेत आले. ते सोपे आहेत, पण हल्ली कोश उघडतो कोण? मोबाइलवर मराठी अर्थ बघितला की काम झालं.

शंकासुर

आजोबा, फोनवरच्या कोशातही हे असतं का?

प्रभात रोडचे आजोबा

विद्यार्थ्यांसाठीच्या कुठल्याही बऱ्या कोशात असतं. अर्थाच्या आधी कंसात किंवा बारीक ठळक टायपात. अर्थ वाचून थांबू नका, उदाहरणाची वाक्यं वाचा.

जपानीवाली

जपान आलं म्हणून मी पण. आपल्याला जपानी त्या मानाने सोपं का जातं याचं एक कारण इथेच आहे. जपानीत म्हणणं, वाटणं, ऐकणं यांच्या आधी ‘तो’ लागतो. ‘कुरु तो इइमाशिता’ म्हणजे ‘येतो असं म्हणाला’. शब्दाला शब्द ठेवता येतो! ‘तो ओमोइमासु’ म्हणजे ‘असं वाटतं’. आमच्या क्लासमध्ये मराठी मुलं हे पहिल्या झटक्यात उचलतात. इंग्रजीत सगळं उलटं, आधी ‘ही सेड’ आणि मग काय म्हणाला ते.

त्यामुळे हॉर्नबींच्या जपानी विद्यार्थ्यांना जे जड गेलं तेच आपल्याला जातं याचं नवल नाही.

अनुस्वार

धागा आवडला, पण ‘मराठीत की लावला की झालं’ हे मला मान्य नाही. मराठी क्रियापदंही कमी चोखंदळ नाहीत, फक्त आपण ती आईच्या दुधाबरोबर प्यायलोय म्हणून दिसत नाही.

‘त्याला यायला सांगितलं’ म्हणतो. ‘त्याला यायला म्हटलं’ म्हणतो का? तिथे ‘त्याला ये म्हटलं’. ‘मला जायचंय’, पण ‘मला जाता येतं’, ‘मला जावं लागतं’, ‘मला जाऊ दे’, ‘मी जायला लागलो’. पाच वाक्यं आणि ‘जा’ची पाच रूपं. परप्रांतीय माणूस इथे किती गोंधळतो ते बघा! आमच्या सोसायटीतले बंगाली शेजारी ‘मला जायला लागतं’ आणि ‘मी जायला लागतो’ यांत अजून अडकतात. एकात सक्ती, दुसऱ्यात सुरुवात.

शिवाय ‘की’ हा एकच मार्ग नाही. ‘तो येणार म्हणून कळलं’, ‘तो आल्याचं कळलं’, ‘तो येतोय असं कळलं’. यातलं ‘म्हणून’ फार मजेदार आहे. ‘म्हणणे’ या क्रियापदाचंच रूप जोडकाम करायला लागलं. कन्नडचं ‘अंत’ आणि तेलुगूचं ‘अनि’ हीसुद्धा म्हणण्यावरूनच आली आहेत. शेजाऱ्यांचे गुण.

आता ‘एक्सप्लेन मी’बद्दल. तिथे पूर्ण मनमानी नाही, थोडी संगती आहे. गिव्ह, टेल, शो, सेंड, टीच ही जुनी घरची इंग्रजी क्रियापदं, त्यांच्या मागे माणूस थेट बसतो: ‘टेल मी’, ‘शो मी’. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट ही लॅटिनकडून आलेली, त्यांना माणसाआधी ‘टु’ लागतं: ‘एक्सप्लेन्ड टु मी दॅट’. अपवाद आहेत, ‘प्रॉमिस’ आणि ‘ऑफर’ लॅटिन असूनही थेट घेतात. पण नव्या माणसाला एवढा धागा हाताशी असला तरी बरंच निभावतं. लांबलचक, शेवटी जोर येणारं, भारदस्त क्रियापद दिसलं की ‘मी’च्या आधी ‘टु’ घालून बघावं.

शुद्धिपत्र

@अनुस्वार, ‘जायला लागतो’चं उदाहरण फर्मास. तरी माझा मुद्दा ‘सांगणे, विचारणे, वाटणे, कळणे’ या घराण्यापुरता टिकतो असं मला वाटतं. ऑफिसात दिवसभर तीच क्रियापदं चालतात, आणि त्या सगळ्यांना ‘की’ चालतो. जायचं, यायचं, लागायचं यात आमची मुलं चुकत नाहीत. ‘आय हॅव टु गो’ सगळ्यांना येतं.

अनुस्वार

टिकतो, अर्धा. ‘विसरणे’ घ्या. ‘पत्र टाकायला विसरलो’ म्हणजे टाकलंच नाही. ‘पत्र टाकल्याचं विसरलो’ म्हणजे टाकलं होतं, लक्षात राहिलं नाही. हाच फरक इंग्रजीत ‘फरगॉट टु पोस्ट’ आणि ‘फरगॉट पोस्टिंग’मध्ये आहे. हे मराठीवरून शिकवलं तर दोन मिनिटांत समजतं. मी शिकवून बघितलंय.

चहाबाज

पत्र कोण टाकतं हो आता :P

बाकी तुम्ही सगळे टोल्ड, सेड, आस्क्ड करत बसलाय. एफसी रोडवर एक संध्याकाळ बसून कान देऊन ऐका. ‘अँड शी वॉज लाइक, नो वे, अँड आय वॉज लाइक, व्हॉटेव्हर.’ संपलं. ना दॅट, ना वुड, ना सर्वनामाची भानगड. मराठीतही तेच चालू आहे, ‘मग ती अशी, मी नाही येणार, मग मी असा, नको येऊस’.

अनुस्वार

हसू नका, त्यावर रीतसर अभ्यास झालेले आहेत. हे ‘बी लाइक’ अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यासकांच्या नजरेत आलं. त्याची खुबी अशी की त्याच्या पुढचं बोलणं खरंच उच्चारलं गेलं की नुसतं मनात आलं, हे सांगणाऱ्याला ठरवावं लागत नाही. ‘सेड’ म्हटलं की म्हणालाच पाहिजे. ‘वॉज लाइक’मध्ये नुसता चेहरा केला असेल तरी चालतं.

शंकासुर

माझी शंका. पुस्तकात ‘आय थिंक दॅट ही इज’ असतं, सिरियलमध्ये कुणीच दॅट म्हणत नाही. मग दॅट गाळायचं की ठेवायचं? आमचे मॅनेजर सगळीकडे दॅट घालायला लावतात, म्हणतात प्रोफेशनल वाटतं.

शुद्धिपत्र

मॅनेजरना नमस्कार सांगा, पण बोलताना ऐकू नका.

डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी चार कोटी शब्दांच्या बोली-लेखी इंग्रजीवर आधारलेलं व्याकरण १९९९ मध्ये काढलं. त्यात संभाषणात ‘दॅट’ गाळणं हीच रीत आणि विद्वत्तापूर्ण लेखनात ठेवणं ही रीत, हे स्पष्ट दिसतं. गळतं ते मुख्यतः थिंक, से, नो यांसारख्या रोजच्या क्रियापदांमागे, आणि त्यातही पुढे ‘ही, शी, आय’ असं छोटं सर्वनाम असेल तेव्हा. ‘आय थिंक ही लेफ्ट’. याउलट ‘एक्सप्लेन’, ‘रिप्लाय’, ‘व्हिस्पर’ यांच्यामागे गाळलं तर कानाला उघडं लागतं.

कामाच्या लिखाणात मी एकच बघते, मध्ये काही घुसलंय का. हे वाक्य बघा: ‘शी सेड ऑन मंडे शी वुड रिझाइन.’ सोमवारी म्हणाली, की सोमवारी राजीनामा देणार? दॅट कुठे ठेवता त्यावर ठरतं. ‘सेड ऑन मंडे दॅट शी वुड रिझाइन’ म्हणजे बोलणं सोमवारचं, ‘सेड दॅट ऑन मंडे शी वुड रिझाइन’ म्हणजे राजीनामा सोमवारचा. एचआरला मेल करताना हा दॅट गाळून बघा एकदा!

दुसरं, लांब नाम आलं तर ठेवावं. ‘द मॅनेजर बिलीव्ह्ड द इंटर्न हू जॉइन्ड लास्ट वीक…’ इथपर्यंत वाचक समजतो की मॅनेजरने इंटर्नवर विश्वास ठेवला. पुढे ‘वॉज लायिंग’ आलं की बिचारा परत मागे जातो.

अनुस्वार

यात भर. सॅन्ड्रा थॉम्पसन आणि अँथनी म्यूलॅक यांनी १९९१ मध्ये मांडलेला विचार असा की बोलण्यातलं ‘आय थिंक’ हे आता मुख्य वाक्य राहिलेलंच नाही. ते ‘बहुधा’सारखं काम करतं, म्हणून ‘दॅट’ गळतं आणि ‘आय थिंक’ वाक्याच्या शेवटीही जाऊन बसतं: ‘ही लेफ्ट, आय थिंक’. आपलं ‘आला वाटतं तो’, ‘पाऊस येणार वाटतं’ तरी काय वेगळं आहे? इथे ‘मला’ही गळालंय. मराठी दोन पावलं पुढेच.

आणि नकार. ‘आय थिंक ही विल नॉट कम’ यापेक्षा ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ हे सहज वाटतं. आपल्याकडेही ‘मला नाही वाटत तो येईल’ आहेच, तेव्हा ते जड जायला नको. पण हा नकार ‘होप’वर चढवू नका. ‘आय होप ही डझन्ट कम’ म्हणतात.

रात्रशाळा

मी संध्याकाळी नोकरदारांना शिकवतो. ‘टु’ की ‘आयएनजी’ यासाठी एक आडाखा देतो: पुढे व्हायचं असेल तर ‘टु’ (वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज), झालेलं किंवा चालू असेल तर ‘आयएनजी’ (एन्जॉय, फिनिश, अ‍ॅडमिट, रिग्रेट). ‘स्टॉप्ड टु टॉक’ म्हणजे बोलायला थांबला, ‘स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलायचा थांबला. वर्ग खूश होतो. मग एखादी चुणचुणीत बाई हात वर करते, ‘सर, अव्हॉइड, सजेस्ट आणि कन्सिडर यांचंही पुढेच व्हायचं असतं ना?’ असतं. त्यांना ‘आयएनजी’च लागतं. तिथे मी पाठ करा म्हणतो आणि घड्याळाकडे बघतो.

शुद्धिपत्रांच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: याद्या देत नाही. क्रियापद वहीत लिहायचं ते एकटं लिहायचं नाही. ‘सजेस्ट = सुचवणे’ असं लिहिलेलं दिसलं की खोडतो. ‘ही सजेस्टेड दॅट वी टेक अ रिक्षा’ असं स्वतःच्या दिवसातलं वाक्य लिहून आणायला लावतो. आणि वर्गात एकमेकांचे निरोप पोचवायला लावतो. ‘टेल’मध्ये ऐकणारा लागतोच, ‘से’मध्ये नाही, हे निरोप पोचवताना आपोआप अंगात मुरतं.

रोखठोक

अतिशहाणपणा चाललाय. ‘सजेस्ट मी’ लक्ष्मी रोडपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना समजतं. आपल्या देशात कोट्यवधी लोक इंग्रजी बोलतात, हे आपलंच इंग्रजी. गोऱ्यांच्या कानाला खडा लागला तर लागू दे.

शुद्धिपत्र

@रोखठोक, बोलण्यापुरतं मी तुमच्याच बाजूची आहे. ‘व्हेअर इज द फाइल’ असा उलटा क्रम पोटवाक्यात ठेवणं आयर्लंडच्या बोलीतही चालतं, ‘आय वंडर वॉज ही देअर’ असं तिथे सर्रास म्हणतात. त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. माझी हरकत जिथे अर्थ बदलतो तिथेच. हिंजवडीवाल्यांचा टेस्ट डेटा विसरू नका. किंवा ‘इन्सिस्ट’ घ्या. ‘शी इन्सिस्ट्स दॅट ही टेक्स द मेडिसिन’: तिचा दावा आहे की तो औषध घेतो. ‘दॅट ही टेक द मेडिसिन’: तिचा आग्रह आहे की त्याने घ्यावं. निदान अमेरिकन लिखाणात हा फरक एका ‘स’वर उभा असतो, ब्रिटिश मंडळी दुसऱ्या अर्थी ‘शुड टेक’ म्हणून मोकळी होतात. आपल्या ‘घेतो’ आणि ‘घ्यावं’ इतकाच हा फरक आहे, आणि मराठीत तुम्ही तो कधी सोडणार नाही.

रोखठोक

औषधाचं पटलं. सजेस्टचं नाही. मी म्हणणारच.

हिंजवडी फेज तीन

@रोखठोक, मग दोन शब्दांतच थांबा, ‘सजेस्ट मी टु’पर्यंत जाऊ नका :D

@शुद्धिपत्र, त्या टेस्ट डेटावाल्याला धाग्याची लिंक पाठवली. त्याचं उत्तर: ‘ही टोल्ड दॅट ही विल रीड.’ आता यातला ‘ही’ कोण ते तुम्हीच ओळखा.

शंकासुर

शेवटची शंका, मग जातो. रात्रशाळा सर म्हणतात पुढे व्हायचं असेल तर ‘टु’ आणि साधं क्रियापद. मग ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’ का? पुढेच भेटायचंय, ‘टु’ पण आहे, आणि वर ‘आयएनजी’?

रात्रशाळा

हा ‘टु’ तो नव्हे. ‘वॉन्ट टु’मधला ‘टु’ क्रियापदाचा, ‘लुक फॉरवर्ड टु’मधला शब्दयोगी. ओळखायची खूण: मागे नुसतं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु द ट्रिप’ बसतं, म्हणून तिथे क्रियापद आलं तर नाम होऊन येणार, ‘मीटिंग’. ‘आय वॉन्ट टु द ट्रिप’ बसत नाही. ‘यूज्ड टु’लाही हीच परीक्षा लावा: ‘आय अ‍ॅम यूज्ड टु द ट्रॅफिक’ बसतं, म्हणून ‘आय अ‍ॅम यूज्ड टु ड्रायव्हिंग इन पुणे’. आणि ‘आय यूज्ड टु ड्राइव्ह’ म्हणजे पूर्वी चालवायचो, आता बसने जातो. तिथे ‘यूज्ड टु द ट्रॅफिक’ बसवून बघा, बसणार नाही.